धुलाई विभागाचं तोंड

तुमच्या वतीनं आजवर किती जण बोलून गेले? आणि त्यातल्या किती जणांनी तोंड उघडण्याआधी तुम्हाला विचारलं होतं? घरात, कचेरीत, संघटनेत, कुठंही. तुम्ही मान डोलावलीत, कदाचित टाळ्याही वाजवल्यात. उत्तर मनातच ठेवा आणि फौजदारबाईची गोष्ट ऐका.

ही बाई पोलिसात नव्हती. एका मोठ्या सरकारी इस्पितळाच्या तळघरात धुलाई विभाग आहे, तिथली ती मुकादम. वरच्या मजल्यांवरून मळक्या चादरींच्या गाड्या उतारानं खाली येतात, धुतलेल्या चादरी लिफ्टनं वर जातात. मधल्या जागेत वाफ, साबणाचा वास, ओली फरशी आणि दिवसभर घरघरणारे ड्रम. चादरींच्या गाठोड्यात काय येईल याचा नेम नाही. चष्मे येतात, चमचे येतात, कवळ्या येतात. एकदा तर चालू फोन आला होता आणि त्यावर कुणाची तरी सासू अजून बोलतच होती. फौजदारबाईनं तो कानाला लावला, शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमची सून पाचव्या मजल्यावर आहे, मी धुलाईतून बोलतेय. तुमचं सगळं पोचवते." आणि खरंच पोचवलं. शब्दन् शब्द.

अशी बाई. बुटकी, रुंद, आवाज असा की तिनं हाक मारली की ड्रम कुजबुजल्यासारखा वाटावा. नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नाही, पण पाठीमागे सगळे फौजदार म्हणत आणि समोर ताई.

ती फौजदार कशी झाली, ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. ती नवीन असताना विभागात हातमोजे फाटके मिळायचे. रक्ताच्या, औषधांच्या चादरी, त्यातून एखादी सुई राहिलेली, आणि बोटं उघडी. एक अबोल बाई होती, ती धीर करून एकटीच वर गेली. साहेबांनी बसवलं, चहा दिला, गोड बोलून सगळं विचारून घेतलं. पुढच्याच आठवड्यात तिची बदली लांबच्या गोदामात झाली. दिवसभर खोक्यांशी बोलायचं. ती कंटाळून नोकरी सोडून गेली आणि हातमोजे फाटकेच राहिले.

त्या दिवशी या नव्या पोरीचं डोकं फिरलं. तिनं सगळ्यांना चादरींच्या टेबलाभोवती गोळा केलं आणि नियम घातला. इथून पुढं वर बोलायचं ते एकाच तोंडानं. साहेबानं विचारलं, डॉक्टरनं विचारलं, साहेबाच्या मेव्हण्यानं विचारलं, तरी उत्तर एकच. ताईंना विचारा. एकाला वेगळं काढून चेपता येतं. ज्यांचं तोंडच एक, त्यांच्यातून वेगळं कुणाला काढणार?

नियम चालला. चांगला चालला. हातमोजे आले, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आले, वाफ ओढून नेणारा पंखा आला. साहेब बदलत गेले, नियम तोच राहिला. इतका अंगवळणी पडला की वरचा एखादा कारकून खाली येऊन कॅन्टीन कुठल्या बाजूला आहे असं विचारायचा, तरी समोरची बाई घडी घालता घालता म्हणायची, ताईंना विचारा.

मग बदल आला.

म्हणजे आधी भिंतीवर कागद आला. 'बदल आपल्या सर्वांचा.' खाली हसणाऱ्या माणसांचा फोटो, ज्यांच्यापैकी एकानंही आयुष्यात ओली चादर उचलली नसावी. त्यामागून एक तरुण सल्लागार आला. कडक शर्ट, गळ्यात ओळखपत्र, मृदू बोलणं. त्यानं पडद्यावर योजना दाखवली. तीत इतके बाण होते की दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव बाणवाला पडलं. आजची स्थिती, तिथून बाण. उद्याची स्थिती, तिकडे बाण. मध्ये एक ढग, त्यात लिहिलेलं 'विरोध', आणि त्या ढगातूनही एक बाण आरपार.

बाण बाजूला सारले तर मामला सरळ होता. नवी यंत्रं येणार. धुणं, वाळवणं, घडी, सगळं तीच करणार. त्यांच्यापाशी मोजकी माणसं राहणार. बॉयलर बंद. बाकीच्या सगळ्यांना एकेका वॉर्डात पाठवणार, तिथल्या चादरींची देखभाल करायला, तिथल्या इन-चार्ज सिस्टरच्या हाताखाली. नोकरी कुणाचीच जाणार नाही, हे बाणवाल्यानं इतक्यांदा सांगितलं की लोकांना आता खरोखर भीती वाटायला लागली.

फौजदारबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकेका वॉर्डात एकेक. म्हणजे आम्हाला फोडणार. प्रत्येकीला खोक्यांच्या गोदामात पाठवणार, फक्त गोदामाला वॉर्ड म्हणणार.

बाणवाल्यानं मग एक खोली घेतली. आत दोन खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, दार बंद. एकेकाला बोलावून तो विचारायचा, या बदलाबद्दल तुम्हाला काय वाटतं? मोकळेपणानं सांगा, कुणाला कळणार नाही. धुलाई विभागातलं एकेक माणूस आत गेलं, पाणी प्यालं, आणि म्हणालं, ताईंना विचारा. सगळ्यांनी तेच सांगितलं. बॉयलर सांभाळणारे मामा तर पाणीही न पिता उभ्याउभ्याच सांगून परतले.

त्या दुपारी घडीच्या टेबलावर काय हशा पिकला. चादरीची घडी तिथं जोडीनं घालतात. दोघी दोन टोकं धरतात, ताण देतात, मग चालत एकमेकींकडे येतात आणि कोपरे हातात देतात. विभागातल्या सगळ्या बातम्या त्या येण्याजाण्यात फिरतात. बाणवाल्याचा चेहरा कसा पडला याची नक्कल प्रत्येकीनं केली. फौजदारबाई मधोमध उभी राहून ऐकत होती आणि तिची छाती अशी फुगली होती की ऍप्रनच्या नाड्या ताणल्या गेल्या.

दोन दिवसांनी मोठ्या साहेबांनी तिला वर बोलावलं.

मोठे साहेब म्हणजे इस्पितळाचे कारभारी. टेबलावर काच, काचेखाली नातवंडांचे फोटो. बाजूला बाणवाला. त्यानं उठून तिला खुर्ची दिली आणि म्हणाला, बसा ना मावशी.

"मावशी कुणाची? तुमच्या आईला मी ओळखत नाही."

बाणवाला लाल झाला. साहेब हसले. त्यांनी सांगितलं की त्यांना फार आनंद झाला आहे. इतका एकमुखी विश्वास त्यांनी कुठल्याच विभागात पाहिला नाही. म्हणून त्यांनी ठरवलंय की या बदलाचं नेतृत्व तिनंच करावं. 'बदल-सारथी' असं पद काढलंय. वरच्या मजल्यावर टेबल, दिवसपाळी, गळ्यात वेगळं ओळखपत्र. सोमवारी सगळ्यांची सभा आहे, त्यात तिनं दोन शब्द बोलायचे.

तिनं विचारलं, आणि मी नाही म्हटलं तर?

"नाही म्हणा की. तुमचा हक्कच आहे," साहेब म्हणाले. "पण आम्ही एकेकाला विचारलंय, बाई. एकानंही विरोधात शब्द काढलेला नाही. मग विरोध उरतो तो फक्त तुमचा. एकटीचा."

  तिला आत्ता दिसलं. हो म्हटलं तर सगळे हो म्हणाले असं होणार. नाही म्हटलं तर एक हेकट म्हातारी सोडून सगळे तयार आहेत असं होणार. इतकी वर्षं जो दोर तिनं स्वतःच्या हातानं वळला, त्याचं दुसरं टोक आता साहेबांच्या मुठीत होतं. त्यांना ओढायचीही गरज नव्हती. नुसता धरून बसले तरी पुरे होतं.

सोमवारी सांगते, एवढं म्हणून ती उठली. नवं ओळखपत्र बाणवाल्यानं तिच्या हातात ठेवलं ते तिनं ऍप्रनच्या खिशात कोंबलं.

घरी आली ती धुमसतच. घरात नवरा शिंपी, पुढच्या खोलीतच त्याचं मशीन. धाकटा दीर ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. दिराची बायको, म्हणजे धाकटी जाऊ, तिच्याच हाताखाली धुलाईत. फौजदारबाईनंच तिला चिकटवून घेतलं होतं. दोघी रोज बरोबर जात, बरोबर येत, आणि धाकटी वाटेतही एक पाऊल मागं चालायची.

तिनं सगळं सांगितलं. हातवारे करून, साहेबांचा आवाज काढून. नवरा पॅंटची शिलाई उसवत होता. सारथी शब्दावर त्यानं मान वर केली. म्हणाला, सारथी म्हणजे ड्रायव्हरच ना? मग गाडी कुणाची आणि जायचंय कुठं, हे विचारलंस का? फौजदारबाई हसली नाही. तिचं लक्ष धाकटीकडे होतं. धाकटी भाजी निवडत होती. तिनं आतापर्यंत दोन शिव्या तरी घालायला हव्या होत्या. ती देठ मोडत राहिली.

"तुला काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? तुलाही टाकतील एखाद्या वॉर्डात, एकटीला."

धाकटीनं भाजी बाजूला ठेवली. "मला वॉर्ड चालेल, ताई."

नवऱ्यानं पॅंट खाली ठेवली. धाकटी बोलत राहिली, हळू, पण न थांबता. ओल्या फरशीनं तिच्या पायांची कातडी सोलवटली होती, बूट घालूनही. वॉर्डात दिवसपाळी मिळाली तर लेक शाळेतून येते तेव्हा ती घरी असेल. आणि शेवटी म्हणाली, "इतकी वर्षं मी माणसांचे डाग बघतेय. एकदा माणसंही बघायचीत मला."

फौजदारबाईच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो फितूर. दुसरा त्याहून वाईट होता. मग तिनं विचारलं, त्या बंद खोलीत का नाही बोललीस हे? धाकटी म्हणाली, तुम्हीच सांगितलं होतं ना, ताईंना विचारा म्हणायचं. म्हटलं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलंत? तुमचं तोंड आमच्या सगळ्यांचं, मान्य आहे. कान कुणाचे आहेत, ताई?"

नवऱ्यानं टेबलावरची कात्री उचलून गुपचूप ड्रॉवरमध्ये टाकली. तो तीस वर्षं या बाईबरोबर राहत होता, त्याला हवामान कळायचं. पण फौजदारबाई ओरडली नाही. ती मोरीत जाऊन हातपाय धुवत बसली, गरजेपेक्षा बराच वेळ. राग होता, भरपूर होता. तो कुणावर काढायचा, हा प्रश्न मात्र तिला पहिल्यांदाच पडला होता.

सकाळी दोघी नेहमीसारख्या कामाला निघाल्या.  धाकटी आज एक पाऊल मागं चालत नव्हती, रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं चालत होती.

विभागात पोचल्यावर फौजदारबाईनं ठरवलं की विचारायचं. आता ज्या बाईनं उभ्या जन्मात कुणाला विचारलं नाही, तिनं कसं विचारावं? पहिल्याच बाईला तिनं धरलं आणि म्हणाली, तुला वॉर्ड नको आहे ना? ती म्हणाली, नको ताई. दुसरीला विचारलं, इथंच बरं आहे ना आपलं? ती म्हणाली, हो ताई. तिसरीच्या वेळी तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. हा प्रश्न नव्हता. हा हुकूम होता, शेपटीला 'ना' बांधलेला.

मग तिनं वेगळं केलं. ती घडीच्या टेबलाशी गेली आणि चादरीचं एक टोक स्वतः धरलं. मुकादम झाल्यापासून तिनं घडी घातली नव्हती. समोरची बाई घाबरली, काही चुकलं का म्हणाली. फौजदारबाई म्हणाली, धर. आणि गप्प बसली. चादर ताणली, पुढं गेली, कोपरा दिला, मागं आली, तोंडातून शब्द नाही. तिला हे किती जड गेलं ते तिलाच माहीत. जबडा दुखला म्हणे. पण माणसांना शांतता सोसत नाही. तिसऱ्या-चौथ्या चादरीला समोरची बाई आपसूक बोलायला लागली.

सभेपर्यंतचे दिवस तिनं तेच केलं. रोज नवं माणूस, नवी चादर, आणि तोंड बंद. आणि जे ऐकलं त्यानं तिच्या पायाखालची फरशी सरकली. एकीला घडीच्या यंत्राची वाट होती, कारण तिचा खांदा वर्षभर वर उचलला जात नव्हता आणि तिनं ते लपवलं होतं. एकीला वॉर्ड अजिबात नको होता, कारण तिचा दादला वॉर्डातच वारला होता, त्या वासानं तिला भोवळ यायची. दोघीतिघींना इथलं सगळं आवडायचं, फक्त वाफ नको होती. आणि एकीनं तर हळूच सांगितलं की ताई, मला काय हवंय ते मलाच माहीत नाही, आजवर ते ठरवावंच लागलं नाही ना.

बॉयलरमामांचं ऐकून ती खालीच बसली. मामा सगळ्यात पक्के. बॉयलर बंद करायचा तर माझ्या मढ्यावरून, असं ते योजना आल्यापासून दिवसातून दोनदा गरजायचे. त्यांनी चादर धरली, इकडेतिकडे बघितलं आणि सांगितलं की त्यांना त्या बॉयलरची भीती वाटते. पहिल्या दिवसापासून. त्याची शिट्टी झोपेत ऐकू येते.

"मग मामा, माझ्या मढ्यावरून म्हणत होता ते?"

"ते तुम्हाला बरं वाटायचं म्हणून."

विभागातलं मोठं माणूस, पांढऱ्या मिशांचं, आणि तिला बरं वाटावं म्हणून रोज मढ्यावर बसत होतं. तिला हसू आलं आणि त्याच क्षणी लाजेनं कान तापले. कारण सगळ्यांचं ऐकून झाल्यावर एक गोष्ट तिला स्वच्छ दिसली. तळघर जसंच्या तसं हवं होतं ते एकट्या तिलाच. या वाफेत ती फौजदार होती. वर, टेबलाशी, खुर्चीत, ती कोण होती?

पण अजून एक गोष्ट तिनं ऐकली होती, आणि ती जवळजवळ प्रत्येक तोंडून आली होती. वॉर्ड हवा म्हणणारी असो की नको म्हणणारी, एकटी जायला कुणीच तयार नव्हतं. इन-चार्ज सिस्टर अंगावर ओरडली, डॉक्टरनं भलतंच काम सांगितलं, एखादी वस्तू हरवली आणि आळ आला, तर शेजारी आपलं कोण? हे त्यांना तिनं शिकवलेलं नव्हतं. हे त्यांचं त्यांना कळत होतं.

सोमवारी सभागृह भरलं. ओळीनं खुर्च्या, समोर पडदा, पडद्यावर बाण. साहेब व्यासपीठावर. बाणवाल्यानं प्रस्तावना केली, विश्वास वगैरे शब्द वापरले आणि बदल-सारथी म्हणून तिला बोलावलं. टाळ्या झाल्या. ती वर गेली, खिशातून ओळखपत्र काढलं आणि साहेबांपुढच्या टेबलावर ठेवलं.

"हे ठेवते. हे घालायला मी त्यांच्या वतीनं बोलायला हवं. आणि मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं." ती बसलेल्यांकडे वळली. "ताईंना विचारा, हा नियम मी घातला होता. आज तो मी मोडतेय. ज्याला जे वाटतं ते त्यानं उभं राहून बोलायचं, आपल्या तोंडानं. साहेब बसून ऐकतील."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. म्हणाले की बाई, कार्यक्रम ठरलेला आहे. ती म्हणाली की कार्यक्रमही न विचारताच ठरलाय, थोडा लांबला तर बिघडत नाही.

आणि मग कुणीच उठलं नाही.

ही सगळ्यात वाईट घटका. भरलेलं सभागृह, आणि दातखीळ बसल्यासारखी माणसं. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. तिच्या चेहऱ्यावरून अंदाज घेत होते, काय म्हणायचं, हो की नाही. तिनंच लावलेली सवय. ती एका शब्दानं सभा जिंकू शकली असती, तोंडावर आलाही होता तो शब्द. साहेबांच्या ओठांवर हसू फुटायला लागलं होतं.

फौजदारबाईनं एक खुर्ची ओढली, भिंतीकडे तोंड केलं आणि सगळ्यांकडे पाठ करून बसली. घ्या आता अंदाज.

सभागृहात कुजबुज झाली. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ धाकटीचा आवाज आला. घोगरा, थरथरता, पण धाकटीचाच.

"मला वॉर्डात जायचंय."

बाणवाल्याचं पेन धावायला लागलं. साहेब म्हणाले, शाब्बास. भिंतीकडे बघणारी पाठ ताठ झाली, पण वळली नाही.

"पण एकटी जाणार नाही," धाकटी म्हणाली. "जोडीनं पाठवा. आणि तीन महिन्यांनी जमलं नाही तर परत खाली घ्या. हे लिहून द्या, मग जाते."

पेन थांबलं. त्यानंतर जे झालं त्याला सभा म्हणणं अवघड आहे. खांद्यावाली उठली आणि यंत्र कालच का नाही आणलंत म्हणाली. तिच्या शेजारची तिच्यावरच खेकसली, तुझं यंत्र येईल आणि माझी जागा जाईल. दादल्यावाली रडत रडत बोलली आणि कुणी तिला मध्येच तोडलं नाही. मामांनी उभं राहून भर सभेत सांगितलं की बॉयलर बंद करा, मला तो आवडत नाही. त्यावर अख्खं सभागृह हसलं आणि मामाही हसले, पहिल्यांदाच मोकळेपणानं. एकानं विचारलं की एवढे बाण आहेत, तर त्यातला एखादा आमच्याकडून तुमच्याकडे येणारा का नाही? बाणवाला पडद्याकडे बघत राहिला. त्यानं खरंच शोधला. नव्हता.

साहेब उठले. चेहरा उतरलेला. म्हणाले, हा निव्वळ गोंधळ आहे, यातून निर्णय कसा घ्यायचा?

आता ती वळली. "गोंधळ नाही साहेब, ही माणसं आहेत. एक तोंड तुम्हाला सोयीचं होतं. मलाही होतं. आता निवांत बसा आणि एकेकाचं ऐका. आम्ही कुठं जात नाही."

आणि कुणी गेलं नाही. साहेब दाराकडे निघाले तेव्हा वाट अडवली नाही कुणी, घोषणा नाही, काही नाही. फक्त सगळे बोलत राहिले, एकमेकांशी, साहेबांशी, बाणवाल्याशी. दारापर्यंत पोचलेल्या माणसाला स्वतःचं नाव प्रश्नात ऐकू आलं की तो थांबतोच. साहेबही थांबले. मग खुर्ची मागितली.

पुढं काय झालं ते फुगवून सांगण्यात अर्थ नाही. योजना रद्द झाली नाही. यंत्रं आली. बॉयलर बंद झाला. पण वॉर्डात गेलं ते ज्याला जायचं होतं तेच माणूस, आणि जोडीनं गेलं, परत येण्याची वाट कागदावर ठेवून. दादल्यावाली यंत्रापाशी राहिली. दोघी वॉर्डातून परतल्याही, जमलं नाही म्हणून, आणि कुणी नाक मुरडलं नाही. बाणांच्या योजनेतलं निम्मं टिकलं, निम्मं या लोकांनी बदललं. बदलाला विरोध म्हणतात तो बहुतेक वेळा एवढाच असतो, आम्हालाही हात लावू द्या.

फौजदारबाईचं मुकादमपण गेलं. सभेत शिस्तभंग केला असा ठपका आला आणि तिला मळक्या चादरी निवडायच्या टेबलाशी नेमलं. विभागातलं सगळ्यात घाणेरडं काम. साहेबांना वाटलं असेल की ती मोडेल. ती तिथं उभी असते, हातमोजे चढवून, मान तशीच ताठ. वरून कुणी येऊन विचारलं की इथल्या लोकांचं काय म्हणणं आहे, तर ती बोट दाखवते, तो बघा एक, ती बघा दुसरी, जा आणि विचारा. नवा मुकादम दर काही महिन्यांनी बदलतो, तेही त्यांचं त्यांनीच ठरवलंय. धाकटी वॉर्डातून गाडी घेऊन खाली येते तेव्हा तिला वरच्या रुग्णांच्या गोष्टी सांगते. फौजदारबाई ऐकते. मध्ये बोलायची उबळ येते, अजूनही येते. ती चादरीची गाठ सोडवत राहते, आणि उबळ जाऊ देते.

तुम्ही कुणाचे पुढारी असाल, मुकादम असाल, थोरली जाऊ असाल, नाहीतर नुसतेच सगळ्यात मोठ्या आवाजाचे असाल. उद्या कामावर गेलात की तुमच्या शेजारी जो सगळ्यात गप्प बसतो, त्याला विचारा, तुला काय हवंय? आणि त्याचं उत्तर येईपर्यंत, कितीही वेळ लागो, कृपा करून तोंड बंद ठेवा.